गाडी शांत झाल्यावर

लालबागेच्या पश्चिम दरवाज्यापाशी सिग्नलला पिकप थांबली आणि भगवंतरावांना बायकोचा आवाज ऐकू आला. शारदाबाई त्यांच्याशी बोलत नव्हत्या. डाव्या खिडकीकडे तोंड करून, पदराचं टोक मुठीत धरून त्या ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होत्या. आदल्याच दिवशी गाडीच्या आतला शेवटचा खडखडाट काढून झाला होता. एवढ्या वर्षांत गाडी अशी कधी उभीच राहिली नव्हती. इंजिन चालू होतं, पण ते कुठेतरी खाली, दुसऱ्याच्या घरात चालू असल्यासारखं. भगवंतरावांनी ते नवं शांतपण ऐकण्यासाठीच कान लावला होता. "भगवंत," शारदाबाई म्हणत होत्या. "भगवंत. भगवंत." नामस्मरण चाललंय, भगवंतरावांना वाटलं आणि ते मनाशी हसले. शारदेला हे कधीपासून लागलं? पूजा ती करायची, पण कामासारखी, उरकून. गाडीत बसून जप करणारी ती नव्हे. मग त्यांना गंमत वाटली की गाडी आता इतकी निवळली आहे की माणसाचा जपही ऐकू यावा, कल्लाप्पाला हे सांगायला हवं. सिग्नल सुटला. त्यांनी गिअर टाकला. "भगवंत श्रीनिवासराव," शारदाबाई म्हणाल्या, तितक्याच हळू. "चौथा क्रॉस. पिवळं फाटक. शेजारी पोस्टाची पेटी. गॅस बंद केला. मागची कडी लावली. आज बुधवार." भगवंतरावांचा पाय क्लचवरून सुटला. गाडी एक गचका खाऊन बंद पडली.

"काय झालं हो?" शारदाबाईंनी वळून विचारलं. नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या चेहऱ्याने. मागून रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. "काही नाही," भगवंतराव म्हणाले. "पाय सुटला." त्यांनी किल्ली फिरवली. 

एकतीस वर्षांच्या संसारात शारदाबाईंनी त्यांचं नाव एकदाच घेतलं होतं, धारवाडला, लग्नात, बायकांनी दार अडवलं होतं तेव्हा, आणि तेही इतकं पटकन की बायकांनी पुन्हा घ्यायला लावलं. त्यानंतर त्या 'अहो' म्हणायच्या, पाहुण्यांपुढे 'हे' म्हणायच्या, आणि आजूबाजूच्या कानडी बायकांशी बोलताना 'नम्मवरु', म्हणजे आमचे हे. मतदारयादीसाठी माणूस दारात आला आणि त्याने यजमानांचं नाव विचारलं तर त्यांनी दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं होतं, आणि हा किस्सा भगवंतराव अजून लोकांना सांगत. आता ते नाव त्यांनी तिच्या तोंडून ऐकलं होतं, आणि ते पत्त्याच्या वरच्या ओळीसारखं होतं. हरवलेल्या मुलाला घोकून घ्यायला लावतात तसं. डबल रोडला लागेपर्यंत त्यांना दुसरं काही सुचलं नाही. शारदाबाई पुन्हा खिडकीकडे वळल्या होत्या, पण आता त्या गप्प होत्या. की गप्प नव्हत्या? त्यांनी मान न वळवता ऐकायचा प्रयत्न केला. शेजारून बस गेली. बस गेल्यावर एक शब्द कानावर आला, "रूपश्री", आणि मग "हुबळी". रूपश्री त्यांची मुलगी. ती हुबळीला दिली होती, त्यात घोकण्यासारखं काय होतं?

गाडी त्यांनी सहा वर्षांपूर्वी एका बियाणंवाल्याकडून घेतली होती, आणि घेतली तेव्हापासून ती वाजत होती. भगवंतरावांचा धंदा काचेचा. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना लागणाऱ्या परीक्षानळ्या, चंचुपात्रं, नरसाळी, ब्युरेट. बसवनगुडीतल्या घराच्या मागच्या खोलीत गवतात आणि जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून सगळं ठेवलेलं असायचं, आणि आठवड्यातून दोनतीनदा ते खोकी भरून तुमकूर, कोलार, रामनगर, चिक्कबळ्ळापूर अशा गावांना स्वतः पोचवत. पाठवलेल्या मालापैकी शंभरात एकही फुटलेला निघत नाही, अशी त्यांची ख्याती होती. खोक्यात घालण्यापूर्वी प्रत्येक चंचुपात्र ते नखाने वाजवून बघत. धड काच लांबवर वाजते, तडकलेली लगेच गप्प होते, मग तडा डोळ्यांना दिसो वा न दिसो. असा कान असलेल्या माणसाला त्या गाडीत बसणं म्हणजे शिक्षा होती. डॅशबोर्डाच्या कप्प्याचं झाकण टकटक करायचं. दाराच्या आतली काच खाचेत खुळखुळायची. गिअरचा दांडा तिसऱ्या गिअरमध्ये थरथरायचा आणि त्याची थरथर हातातून खांद्यापर्यंत यायची. चाळीसच्या वर वेग गेला की छतातून एक किरकिर सुरू व्हायची, आणि ती नेमकी कुठून येते हे त्यांना सहा वर्षांत सापडलं नव्हतं. मागच्या खोक्यांतलं काही फुटतंय की काय अशी भीती त्या किरकिरीने वाटायची, म्हणून ते सारखे थांबून उतरून बघत. दीडएक वर्षापूर्वी शारदाबाई म्हणाल्या, घरी एकटीला वेळ जात नाही, मीही येते. तेव्हापासून त्या शेजारी बसू लागल्या. गाडीत बोलणं अशक्यच होतं. काही सांगायचं तर ओरडावं लागे, आणि ओरडून सांगण्यासारखं दोघांकडेही काही उरलेलं नव्हतं. ते रस्त्याकडे बघत, त्या खिडकीबाहेर. भगवंतरावांना हे बरंच वाटत होतं. बायको सोबत असते, असं ते लोकांना सांगत.

उलसूर मागे पडलं. ओल्ड मद्रास रोडवर लॉऱ्यांची रांग होती. भगवंतरावांना शिवाजीनगरातला कल्लाप्पा आठवला. बस-स्टँडच्या मागच्या गल्लीत, सीटांना रेक्झिन चढवणाऱ्यांच्या ओळीत त्याचं दुकान होतं. तो बेळगावकडचा, म्हणून मराठी बोलायचा, त्याच्या पद्धतीची. जानेवारीत पहिल्यांदा गाडी नेली तेव्हा त्याने ती गल्लीतून दोन फेऱ्या फिरवली आणि उतरल्यावर म्हणाला, "रायरे, एवढे आवाज एका गाडीत मी कधी बघितले नाहीत. एक काढला की त्याच्या खालचा ऐकू येतोय. कुठं थांबायचं ते आत्ताच सांगून ठेवा." भगवंतराव म्हणाले होते, "थांबायचं नाही. सगळे काढायचे." मग तीन आठवडे, दर मंगळवारी, ते तिथे स्टुलावर बसून राहिले. कल्लाप्पाने दारांचे रेक्झिनचे पुठ्ठे काढले, आतल्या पत्र्याला डांबरी पट्ट्या चिकटवल्या, काचेच्या खाचेत नवा लोकरी नमदा बसवला. सायकलच्या जुन्या ट्यूबचे बारीक चौकोन कापून डॅशबोर्डाच्या प्रत्येक स्क्रूखाली घातले. इंजिनाखालची दबलेली रबरं बदलली आणि गिअरचा दांडा निवांत झाला. एक लांब स्क्रूड्रायव्हर पत्र्याला टेकवून त्याची मूठ तो कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. मग भगवंतरावांच्या हातात द्यायचा. "बघा, इथं." भगवंतराव ऐकायचे. त्या मुठीतून सगळी गाडी कानात यायची, आणि त्या गोंगाटातून एकेक आवाज निवडून बाजूला काढताना त्यांना असं समाधान वाटायचं, जे बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं. घरी येऊन ते शारदाबाईंना सांगायचे. आज दार झालं. आज डॅशबोर्ड झाला. शारदाबाई म्हणायच्या, "असू दे की हो. गाडी म्हटल्यावर वाजणारच." दुसऱ्या मंगळवारी म्हणाल्या, "आता साकू, पुरे. एवढं काय अडलंय?" तिसऱ्या मंगळवारी त्या काहीच म्हणाल्या नाहीत. छतातली किरकिर सापडली तो हा मंगळवार. छताच्या अस्तराला आतून आधार देणारी एक पट्टी एका टोकाने सुटली होती. कल्लाप्पाने तिथे बोटभर नमदा सारला आणि गाडी मुकी झाली. भगवंतराव घरी आले ते लहान मुलासारखे. "उद्या बघ," ते म्हणाले होते, "कोलारपर्यंत गप्पा मारत जाऊ." आणि शारदाबाई ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, त्यांनी मान हलवली होती. पाठमोऱ्याच.

आता ती पाठ त्यांना आठवू लागली. तिच्यामागून एकेक गोष्ट येऊ लागली, आणि त्यांना ती थांबवता येईना. दिवाळीच्या आधी दोनदा कॉफीत साखरेच्या जागी मीठ पडलं. दुसऱ्यांदा ते रागावले आणि कप तसाच सरकवून उठून गेले. दूधवाल्या केंपण्णाला त्या एकदा निंगण्णा म्हणाल्या. निंगण्णा त्याचा बाप, मरून दहा वर्षं झाली होती. केंपण्णा हसला, तेही हसले. मागच्या खोलीची किल्ली हरवली तेव्हा ते तासभर बोलत होते. शारदाबाई त्या तासात एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी किल्ली तांदळाच्या डब्यात सापडली, आणि शारदाबाईंनी ती आपल्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात अडकवली ती अजून तिथेच होती. भगवंतरावांना वाटलं होतं रागाने अडकवली. घरी वेळ जात नाही, मीही येते. ते त्यांनी खरं मानलं होतं. कॅलेंडरवर रोजच्या तारखेला बारीक रेघ मारायला शारदाबाईंनी वर्षभरापूर्वी सुरुवात केली, तेव्हा ते म्हणाले होते, तुरुंगात असल्यासारखी काय मोजतेस दिवस? होसकोटेचं तळं उजवीकडे दिसू लागलं. भगवंतरावांनी गाडी सावकाश घेतली. शेजारून पुन्हा ती कुजबुज येत होती, आणि आता त्यांना ती ऐकायची नव्हती. दाराला कान लावणाऱ्या माणसासारखं त्यांना वाटलं. त्यांनी मुद्दाम खाकरून घेतलं. कुजबुज तत्काळ थांबली, आणि ती अशी तत्काळ थांबली याचंच त्यांना वाईट वाटलं.

कोलारच्या कॉलेजात माल उतरवायला अर्धा तास लागला. प्रयोगशाळेतला माणूस एकेक परीक्षानळी उजेडात धरून बघत होता आणि नवीन प्राचार्यांबद्दल काही सांगत होता. भगवंतराव "हौदु, हौदु" म्हणत होकार देत होते आणि खिडकीतून खाली, चिंचेखाली उभ्या असलेल्या गाडीकडे बघत होते. तिथून फक्त छत दिसत होतं. एरवी माल देताना ते गाडीचा विचारही करत नसत. शारदाबाई गाडीत बसत, कधी उतरून झाडाखाली उभ्या राहत असतील, कुणाशी बोलत असतील, त्यांनी कधी विचारलं नव्हतं. पावतीवर सही घेऊन ते जिना उतरले ते जवळजवळ धावतच. ऊन वर आलं होतं. गाडीच्या दोन्ही काचा वरपर्यंत बंद होत्या आणि दोन्ही दारं आतून लावलेली होती. आत शारदाबाई ताठ बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर. कपाळावरचं कुंकू घामाने खाली ओघळलं होतं. भगवंतरावांनी काचेवर टकटक केलं. शारदाबाईंनी मान वळवली आणि त्यांच्याकडे बघितलं. दार उघडलं नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या, नम्रपणे, परक्या माणसाकडे बघावं तसं, हा काय विचारतोय याची वाट बघत. किती वेळ गेला असेल? दोन श्वास, तीन श्वास. भगवंतरावांनी पुन्हा टकटक केलं नाही. त्यांना हलायचीच भीती वाटली. मग शारदाबाईंच्या चेहऱ्यात काहीतरी जागेवर आलं, त्या घाईने पुढे झुकल्या आणि त्यांनी दाराची खुंटी वर केली. "झालं का?" त्या म्हणाल्या. "झालं," ते म्हणाले. "काच उघडी ठेवायची की. केवढं ऊन आहे." "असू दे," त्या म्हणाल्या. "बंद बरी असते."

परतताना त्यांनी नरसापूर ओलांडल्यावर एका झापाच्या हॉटेलापाशी गाडी थांबवली. बाहेर बाकं होती, समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे तुतीचं शेत. ते दोन चहा स्वतः घेऊन आले.  तुतीच्या शेतात दोन बायका पाला तोडत होत्या. एरवी या शांततेत ते घड्याळ बघत.

"ऐकलंत ना तुम्ही?" शारदाबाईंनी विचारलं. त्या शेताकडे बघत होत्या.

"काय?"

"तुमचा पाय काही असा सुटत नाही."

भगवंतरावांनी ग्लास बाकावर ठेवला. "कधीपासून?"

"आता कसं सांगू. तेच तर." त्या थोडं हसल्या. मग म्हणाल्या, "गेल्याच्या गेल्या वर्षी गौरीच्या आधी गांधी बझारला फुलं घ्यायला गेले होते. फुलं घेतली. वळले तर रस्ता कुठला ते कळेना. सगळी दुकानं दिसत होती, पाट्या वाचता येत होत्या, पण घर कुठल्या अंगाला ते नाही. रडू आलं नाही की काही नाही. नुसतं रिकामं. फुलवालीच्या शेजारी बसून राहिले. ती म्हणाली, अक्का, बरं नाही का? म्हटलं, स्वल्प उन्हानं. मग पोस्टमन दिसला, आपल्याकडे येतो तो, त्याच्या मागे मागे चालत आले."

"मला का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही म्हणाला असतात, लक्ष कुठे असतं तुझं."

ते खरं होतं. ते नेमकं हेच म्हणाले असते, आणि कप सरकवून उठले असते.  शारदाबाई आता बोलत होत्या, घरात कधी बोलल्या नसतील इतकं, आणि त्यांचा आवाज स्थिर होता. घरी एकटं राहिलं की काय सुरू ठेवलंय याचा भरवसा वाटत नाही, म्हणून गाडीत येऊ लागले. गाडीत बरं होतं. आवाजात म्हटलेलं कुणाला ऐकू जात नाही. जायचं-यायचं मिळून चार तास मिळायचे. सगळं पहिल्यापासून म्हणून काढायचं, माणसं, घरं, कोणाला कुठे दिलं, कोण कधी गेलं. असं म्हणत राहिलं की टिकतं. एक फेरी चुकली की दोन नावं जातात. घरी म्हटलं तर तुम्ही विचाराल, काय पुटपुटतेस. "म्हणून मी नको म्हणत होते हो," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही इतके खूश होता. दर मंगळवारी येऊन सांगत होता, आज हे झालं, आज ते झालं. काय कारण सांगून थांबवणार होते?"

भगवंतरावांच्या डोळ्यांपुढे कल्लाप्पाच्या दुकानातलं स्टूल आलं, आणि तिथे डोळे मिटून, स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून बसलेले ते स्वतः. "आपण डॉक्टर हयवदनांकडे जाऊ," ते म्हणाले. "उद्याच जाऊ. औषध असेल काही."

"जाऊ. पण आधी एक कबूल करा." शारदाबाईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून बघितलं. "माझ्या आईला असंच झालं होतं. तुम्हाला सांगितलं नाही कुणी. ताप येतो म्हणून सांगायचे. विहिरीकडच्या खोलीत ठेवलं होतं तिला, बाहेरून कडी घालून. पंचमीला गेले होते माहेरी, रूपश्री पोटात होती. दारापाशी गेले तर आतून आई विचारत होती, कोण गं तू, कुणाची? मी म्हटलं, शारदा. ती म्हणाली, कोण शारदा? तर दादा मागून आला आणि म्हणाला, चल, तिला त्रास होतो. मी आले निघून. कडी काढली नाही." त्या चहाच्या ग्लासाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. "मला मागच्या खोलीत ठेवू नका."

भगवंतराव कबूल म्हणणार होते. शब्द तोंडाशी आला होता. पण गाडीच्या काचेतून त्यांच्याकडे बघणारा तो चेहरा अजून डोळ्यांपुढे होता, आणि असे श्वास पुढे तीनाचे तीस होतील, मग दिवस होतील, तेव्हा आपण कोण असू, कप सरकवून उठणारा की दुसरा कुणी, याची त्यांना खात्री वाटेना. एकतीस वर्षांत या बाईशी ते फारसं खोटं बोलले नव्हते, कारण फारसं बोललेच नव्हते. "मी चिडतो," ते म्हणाले. "तुला माहीत आहे. पुढेही चिडेन. पण कडी घालणार नाही. तेवढं सांगतो." मग म्हणाले, "आणि मागच्या खोलीत जागा कुठे आहे? सगळीकडे काच आहे."

शारदाबाईंनी पदर तोंडाला लावला. भगवंतरावांना वाटलं, रडतेय. ती हसत होती, आणि रडतही असेल. हॉटेलवाल्याने तेवढ्यात येऊन ग्लास उचलले आणि आणखी काही हवंय का विचारलं. भगवंतरावांनी मानेनेच नको म्हटलं. शारदाबाईंनी डोळे पुसले. "रूपश्रीला इतक्यात सांगू नका," त्या म्हणाल्या. "तिची सासू मोठ्या तोंडाची आहे." "सरी, बरं," भगवंतराव म्हणाले. "तू सांगशील तेव्हा."

गाडीत बसल्यावर दोघेही अवघडून गेले. दहा मिनिटं नुसता रस्ता. गाडी खरोखर चांगली झाली होती. खड्ड्यातून गेली तरी आत पानही हलत नव्हतं, आणि भगवंतरावांना वाटलं, अशा शांततेत दोन माणसांनी काय करायचं असतं ते आपल्याला कुणी शिकवलंच नाही. शेवटी तेच म्हणाले, "म्हण की आता. मोठ्याने म्हण. पहिल्यापासून." "तुमच्यासमोर?" "मग काय झालं. मी काही हसत नाही."  मग खिडकीकडे न वळता, समोर बघत शारदाबाईंनी सुरुवात केली. यादी आपल्यापासून सुरू होत असेल असं भगवंतरावांना वाटलं होतं. ती "मी शारदा" अशी सुरू झाली. माहेरची शारदा, आठवीपर्यंत शाळा, पोहता येतं. हे पोहण्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. मग आई, वडील, दोन भाऊ, विहिरीकडच्या खोलीसकट ते घर. मग भगवंत श्रीनिवासराव, हे म्हणताना त्या क्षणभर अडखळल्या, लाजल्या असाव्यात. ते रस्त्याकडे बघत राहिले. काचेचा धंदा. कारलं आवडत नाही पण सांगत नाहीत, खातात. झोपेत डाव्या कुशीला वळतात. रागावले की कानाची पाळी लाल होते, लाली गेली की बोलायचं. भगवंतरावांचा हात नकळत कानाकडे गेला. एखाद्या मेलेल्या माणसाविषयी बोलावं इतक्या काळजीने ती बोलत होती, काही सांडू नये म्हणून, आणि तो माणूस शेजारी बसून स्टिअरिंग धरून होता. रूपश्री, तिच्या कांजण्या, तिचं लग्न, नातू चिन्मय, त्याच्या उजव्या पायावरचा डाग. एका जावेच्या नावाशी त्या अडल्या. भगवंतरावांनी नाव सांगितलं. त्यांनी ते तीनदा म्हटलं आणि पुढे गेल्या. पुढे एके ठिकाणी त्यांनी सासऱ्यांच्या मृत्यूचं साल चुकीचं सांगितलं. भगवंतरावांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि मग तरीही सांगितलं, "बहात्तर नव्हे, चौऱ्याहत्तर." "चौऱ्याहत्तर," त्या म्हणाल्या. त्यांना राग आला नाही. उलट बरं वाटलेलं दिसलं.

कृष्णराजपुरमच्या रेल्वे फाटकाला रांग लागली होती. भगवंतरावांनी इंजिन बंद केलं. उन्हात लॉऱ्या उभ्या होत्या, ड्रायव्हर उतरून सावलीला जाऊन बसले होते, एक बाई टोपलीतून काकड्या विकत गाड्यांच्या मधून फिरत होती. "चामराजपेटेतली पहिली खोली," शारदाबाई म्हणाल्या. "जिन्याखालची. नळ खाली. घरमालकीण," आणि त्या थांबल्या. "घरमालकीण. रूपश्रीच्या वेळी तिनं पाळणा दिला होता." त्यांनी भगवंतरावांकडे बघितलं.

भगवंतरावांना ती बाई लख्ख दिसत होती. ठेंगणी, नाकात दोन्हीकडे चमकी, संध्याकाळी दारात बसून शेंगा सोलणारी. तिच्या साराचा वास जिन्यात यायचा. भाडं द्यायला गेलं की ती शारदेसाठी मुठीत काहीतरी द्यायची, गुळाचा खडा, चिंचेची गोळी. नाव येईना. ते जिभेच्या मागे कुठेतरी होतं आणि हात लावला की सरकत होतं. "मलाही नाही आठवत," ते म्हणाले.

शारदाबाईंनी त्यांच्याकडे संशयाने बघितलं. "मला बरं वाटावं म्हणून सांगताय."

"नाही गं. खरंच नाही आठवत."

"खरंच?"

"शपथ."

त्या बघत राहिल्या, त्यांच्या डोळ्यांत, कानाकडे, पुन्हा डोळ्यांत. मग त्यांचे खांदे खाली आले. "स पासून होतं काहीतरी," त्या म्हणाल्या.

"स नव्हे. ग असावा."

"गिरिजम्मा?"

"ती समोरची. तिचा नवरा बँकेत होता."

"हो, ती समोरची." त्यांनी पाय वर घेऊन मांडी घातली, घरी निवडायला बसत तशी. आगगाडी धडधडत गेली, डबे मोजून होतील इतका वेळ, आणि दोघांनीही तिच्याकडे बघितलं नाही. फाटक वर झालं. पुढच्या लॉऱ्या एकेक सुरू झाल्या, मागचा कुणी हॉर्न देऊ लागला.

"गौरम्मा?" शारदाबाई म्हणाल्या.

"नाही," भगवंतरावांनी किल्ली फिरवली. "पण जवळ आलीस."